थोरलीचं पुढे काय झालं?

मी बोलतोय, टीव्हीखालच्या कप्प्यातून. पुढे एक हिरवा दिवा आणि पाठीमागे वायरींचा गुंता, एवढंच माझं रूप. मला रेकॉर्डर म्हणतात. टीव्हीवर लागलेलं पोटात साठवायचं आणि घरच्यांना सवड झाली की काढून दाखवायचं, हे माझं काम. उद्या मला इथून नेणार आहेत. म्हटलं, जाण्याआधी मन मोकळं करावं.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझं झाकण बसवलं, स्क्रू पिळले आणि ती पुढच्या खोक्याकडे वळली. त्यापलीकडे बालपणाचं काही आठवत नाही.

या घरात मला मुलाने आणलं. वडील बस चालवायचे आणि आई घरीच शिवणकाम करायची. वडिलांची ड्यूटी बहुतेक संध्याकाळची, त्यामुळे रोजची मालिका हमखास चुकायची. पण त्यांचं काही अडत नसे. आई मशीन बंद करून मालिका बघायची आणि ते जेवायला बसले की सगळा भाग सांगायची. सासूचा आवाज निराळा, वकिलाचा निराळा. कुणी दार आपटलं असेल तर ही पातेल्यावर झाकण आपटायची! वडील हसता हसता हातातला घास विसरायचे. मला जोडून देणारा माणूस येईपर्यंत मी खोक्यातच पडून होतो, तेव्हा हे सगळं मी कान देऊन ऐकलं.

"आई, तुझी कटकट वाचली बघ आता," मला जोडून झाल्यावर मुलगा म्हणाला. "बाबा स्वतःच बघतील."

"कटकट कसली त्यात?" आई म्हणाली, पण ते त्याला ऐकू गेलं नसावं.

वडिलांनी लगेच नियम काढला. "एकट्याने पुढे बघायचं नाही हं. सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून बघायचं."

सुरुवातीला मजा होती. जाहिराती पळवता येतात म्हटल्यावर वडिलांना कोण आनंद! "सिग्नल असे पळवता आले असते तर!" असं ते दर वेळी म्हणायचे आणि आई दर वेळी हसायची. मीही फुशारून गेलो होतो.

हळूहळू मला एक गोष्ट जाणवायला लागली. जाहिराती लागायच्या तेव्हा या घरात बोलणं व्हायचं, आणि आता जाहिरातीच नव्हत्या. पूर्वी मालिकेची वेळ झाली की घरात असेल तो टीव्हीपुढे येऊन बसायचा. मी आल्यापासून जो तो म्हणायला लागला, "घाई काय आहे, नंतर बघू." मुलगा आपला सामना आपल्या सवडीने बघायचा, तोही कानात इयरफोनची बोंडं घालून. आणि जेवताना वडिलांनी सवयीने विचारलं, "आज काय झालं गं?" की आई म्हणायची, "मी कुठे बघितलंय? नियम तुमचाच ना?" मग दोघं मुकाट्याने जेवायची. पातेल्यावरचं झाकण आता नुसतं झाकण झालं होतं.

त्या मालिकेत थोरली मुलगी बापाशी भांडून घर सोडून गेली होती. वडिलांचा तिच्यावर भारी जीव. "ही परत येणार, बघ तू," ते म्हणायचे. पण डेपोत माणसं कमी पडली, सुट्ट्या बुडाल्या आणि माझ्या पोटात न बघितलेले भाग साचत गेले.

अशातच वडिलांच्या छातीत कळ आली आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. आई दिवसभर तिथेच असायची. एका संध्याकाळी ती घरी आली ती चप्पलही न काढता माझ्यासमोर बसली.

"आज विचारत होते, थोरली परत आली का गं?" ती मुलाला सांगत होती. "मी म्हटलं, तुमच्याशिवाय कशी बघणार? घरी या, मग बघू. तर म्हणाले, नियम गेला खड्ड्यात. तू बघ आणि पूर्वीसारखं येऊन सांग."

"मग बघ ना."

"बघतेच आता. उद्या सांगते म्हणून कबूल केलंय मी."

तिने भागामागून भाग बघायला घेतले. मधूनच ओठातल्या ओठात संवाद म्हणून बघत होती, कुणाचा आवाज कसा काढायचा ते. तेवढ्यात फोन वाजला, तसं आईने चित्र थांबवलं. दोघं तशीच धावत गेली. पडद्यावर थोरली एका बसथांब्यावर उभी होती, तोंड अर्धवट उघडं. ती तशीच थांबून राहिली.

वडील परत आले नाहीत. माणसं जमली तेव्हा कुणीतरी टीव्ही बंद केला.

पुढे बऱ्याच महिन्यांनी मुलगा म्हणाला, "आई, बघून टाक ना. थोडेच तर भाग राहिलेत."

"नको रे."

"का पण?"

"बघितलं की कळेल. कळलं की सांगावंसं वाटेल. मग सांगू कुणाला?"

मुलाने हातातला मोबाईल पालथा ठेवला.

आता नवं यंत्र येतंय. मालिका म्हणे मोबाईलवर केव्हाही दिसतात, साठवायची गरजच नाही. आज आईने माझ्यावरची धूळ पुसली आणि विचारलं, "यातलं सगळं जाणार का?"

"जाणार. दुसरीकडे उतरवता येत नाही," मुलगा म्हणाला.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत राहिली.

माझं एवढंच मागणं आहे. हवं तेवढं साठवा, पण घरातल्या माणसाने जेवताना "आज काय झालं?" म्हणून विचारलं तर तेव्हाच सांगून टाका. पुढे बघण्यातली मजा गेली तर गेली.

मालिका केव्हाच संपली. मी ती एकट्याने, रिकाम्या खोलीत टिपून घेतली. आई जिथे थांबली त्याच्या पुढच्याच भागात थोरली घरी परत येते. वडिलांचं खरं निघालं होतं. या घरात ते अजून कुणालाच ठाऊक नाही.