उदगीरची न उघडलेली डबी

मी एक जुनी चांदीची डबी आहे. मित्रांनो, लिंगायतांच्या घरी इष्टलिंग गळ्यात घालतात, ते ठेवायला मला उदगीरच्या सराफ्यात घडवलं. माझे धनी बसवंतअप्पा. आडत्याचा मुलगा, पण धान्याच्या पोत्यांत त्यांचं मन कधी रमलं नाही. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बॉम्बफेकी विमानात बिनतारी यंत्रावर बसायचे, आणि मी त्यांच्या छातीवर असायचे. फार मान होता मला.

रजा संपवून निघाले त्या पहाटे त्यांनी लिंग माझ्यातून काढलं, पांढऱ्या कापडात बांधलं आणि सदऱ्याच्या आत गळ्यात घातलं. विमानातले पट्टे आवळले की माझी कड छातीत रुतायची, म्हणून मला झाकण लावून देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. घर अजून निजलेलं होतं. कुणाला सांगायचं राहून गेलं आणि इथंच सगळा घोळ झाला बघा.

पुढं तार आली. विमान ब्रह्मदेशाजवळ समुद्रात पडलं, आतले सातही जण बेपत्ता. बसवंतअप्पांची बायको पार्वतम्मा देवघरात आली आणि तिला मी कोनाड्यात दिसले. "लिंग घरीच राहिलं. बिनलिंगाचे गेले," एवढंच म्हणाली. या घरात लिंग अंगावरून उतरत नाही. माणूस गेला की ते त्याच्या हातावर ठेवून त्याला पुरतात. आणि दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावत नाही. त्यामुळं मला उघडायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. विभूती, फूल, सगळं वरूनच. अहो, आत काही नाही हो, हे मी कसं सांगणार? माझा जीव तीळतीळ तुटायचा. पार्वतम्मा तोच घोर घेऊन गेली.

तिची मुलगी रत्नम्मा आता ऐंशीच्या पुढं आहे. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती. परवा दवाखान्यातून घरी आली, मला देवघरातून आणवून खाटेवर उशाशी ठेवलं आणि म्हणाली, "मी गेल्यावर ही डबी माझ्यासंगं पुरा. अप्पांचं लिंग तेवढं तरी मातीला लागू द्या." माझं तर धाबंच दणाणलं. मी अशीच बंद जमिनीत गेले, तर खरं कुणाला कळणार?

रत्नम्माची नात दामिनी नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवते. त्या विमानाचं काय झालं याचा शोध ती कितीतरी दिवस घेत होती. काल आली ती थेट आजीच्या खाटेपाशी.

"अज्जी, म्यानमारच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांशी फोनवर बोलणं झालं. लढाईत वाहत आलेला एक वैमानिक त्यांच्या आजोबांनी पुरला होता म्हणे. कोण, कुठला, कळलं न्हाई. गळ्यात पांढऱ्या कापडात काळा दगड होता. त्याचा देव असंल म्हणून त्यांनी तसाच ठिवला."

"पण अप्पांचं लिंग तर हितं हाय."

"कुणी बघितलंय का?"

रत्नम्मानं मला उशाजवळून हातात घेतलं. मग हळूच म्हणाली, "आत निघालं तर? मग तो माणूस अप्पा न्हाईत. पुन्हा समुद्रच की."

"मी उघडू?"

"नको. बाप माझा हाय. पाप लागलं तर मला लागू दे."

तिचे हात सुयांनी काळेनिळे झालेले. माझ्या कडा विभूती साचून पार घट्ट झालेल्या. झाकण हलेना. बोटं घसरली आणि मी खाटेवर पडले. आता ही 'राहू दे' म्हणाली तर संपलंच, असं मला वाटलं. पण तिनं मला पदरात घट्ट धरलं आणि पुन्हा जोर लावला. झाकण निघालं.

तिनं आत बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"रिकामी हाय," रत्नम्मा म्हणाली आणि लहान पोरीसारखी आईला हाक मारत रडायला लागली. "अव्वा, अप्पा लिंग घिऊनच गेलते गं. तू उगंच झुरलीस."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण भीतीपोटी त्या बंद ठेवू नका. कुणीतरी एकदा माझं झाकण काढलं असतं, तर पार्वतम्मा जन्मभर सुखानं झोपली असती.