माझ्या काठावरचा फेस

मी एक जुना निळा ड्रम आहे. पळसदरीला चंद्राबाईंच्या घरामागे, कपडे धुवायच्या दगडाशेजारी उभा असतो. मित्रांनो, काही खात असाल तर आधी संपवून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. तरुणपणी माझ्यात आंबट वासाचं काहीतरी भरत. काय ते मी कधी विचारलं नाही. पुढे शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून चंद्राबाईंच्या नवऱ्याने, नामाने, मला टेंपोत घालून आणलं, घासघासून धुतलं आणि पाणी भरलं. "काय ड्रम हाय!" शेजारी म्हणत. माझं झाकण मात्र पहिल्याच आठवड्यात कोंबड्यांच्या खुराड्यावर गेलं. माझं वाटोळं तिथूनच सुरू झालं.

उघडं तोंड बघून यंदा श्रावणात बेडूक आले. साधे नव्हेत, झाडावरचे. बोटांना गोल गोल गाद्या. दिवसभर माझ्या आतल्या अंगाला चिकटून बसायचे. गार, लिबलिबीत. शी! एका सकाळी तर माझ्या काठाखाली पांढराशुभ्र फेसाचा गोळा लटकत होता. त्यांनी पायांनी घुसळून केलेला. आत अंडी. मला ओकारी आली असती, पण ड्रमला ती सोय नाही.

चंद्राबाईंनी तो पाहिला आणि सुनेला हाक मारली.

"माधवी, धुण्याला किती पावडर ओततेस गं?"

"आई, मी अजून डबा उघडलाच नाय."

डबा चंद्राबाईंच्या पलंगाखाली गेला. दुसऱ्या सकाळी दोन गोळे.

"आता माहेरनं मागवतेस काय पावडर?"

माधवीचं माहेर दहिवलीला. तिथून पावडर येते हे मला नवीन होतं. माधवीलाही. "चोर म्हणवून घ्यायला नाय आले मी इथं," म्हणत ती आत गेली आणि पिशवी भरू लागली.

"झालेला फेस फुकट कशाला घालवायचा?" चंद्राबाईंनी एक गोळा ओरबाडला आणि नामाच्या लग्नकार्याच्या शर्टाला चोळला. फेस वाढेना. उलट तार सुटू लागली. चहा पीत उभा असलेला नामा वाकून बघू लागला.

"अगं, साबणात साबुदाणा कुठला?"

चंद्राबाईंनी बोटं नाकाशी नेली. तेवढ्यात माझ्या काठावरून बेडकी उडाली, ती थेट त्यांच्या खांद्यावर.

किंकाळी दहिवलीपर्यंत गेली असावी. माधवी पिशवीसकट बाहेर धावली. चंद्राबाई फिनेलची बाटली घेऊन माझ्यावर चालून आल्या. खरं सांगतो, मी मनात म्हटलं, ओता! एकदाचं ओता!

माधवी आडवी आली.

"ओतायचं नाय, आई. साक्षीदार हाय ती माझी."

चंद्राबाईंनी बेडकीकडे पाहिलं. मग पिशवीकडे. बाटली खाली ठेवली, आतून पावडरचा डबा आणला आणि माधवीच्या हातात दिला.

"घे. आन् तो शर्ट तूच धू. मला किळस येते."

त्या घरात माफी इतकीच लांब असते. माधवीने पिशवी परत आत नेली.

राहिलेल्या गोळ्यातून पिल्लं टपटप माझ्या पोटात पडली. आता ती तिथे वळवळतात. गुदगुल्या होतात, म्हणून जास्तच किळस येते.

मित्रांनो, काठावर फेस दिसला तर कुणावर आळ घेण्याआधी जरा वाकून बघा. आणि आपापल्या ड्रमला झाकण द्या. परवा माधवीने माझं झाकण आणलं होतं. आत डोकावली, पिल्लांना पाय फुटलेले पाहिले, आणि झाकण परत खुराड्यावर ठेवून आली.

शी!