चंद्राबाईची दोन मांजरं

त्या साली गावात मांजर औषधालाही उरलं नव्हतं. प्लेग येणार अशी आवई उठली आणि उंदरांसाठी घरोघर विषाच्या गोळ्या टाकल्या गेल्या. उंदीर शहाणे निघाले. थोडे मेले, बाकीचे बिळात दबून राहिले. मेलेले उंदीर खाऊन मांजरं मात्र सगळी गेली, आणि मग उंदरांना रान मोकळं झालं. चंद्राबाईच्या घरी तर बियाण्याच्या शेंगांच्या कणगीलाच त्यांनी खालून भोक पाडलं होतं.

चंद्राबाईचा नवरा नाथाजी पलटणीत हवालदार होता. तो लढाईत तिकडं इटलीत पडला, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. त्याच्या माघारी त्याच्या दोन बायका राहिल्या. थोरली चंद्राबाई, आणि मूल होईना म्हणून चंद्राबाईनंच पुढं होऊन करून आणलेली धाकटी, तानुबाई. मूल तिलाही झालं नाही. सुरुवातीला दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. पण नाथाजी लढाईवर गेला आणि भांडायला कारणच राहिलं नाही. एक दळायला बसली की दुसरी न बोलावता समोर येऊन जात्याच्या खुंट्याला हात लावायची. तिथूनच त्यांचं जमलं. पुढं तार आली तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि गावाला नवल वाटलं.

घराचा कारभार आता धाकटा दीर लालासाहेब बघत होता. सुगी आटोपली की तानुबाईला तिच्या भावाकडं, आप्पासोकडं, कायमची धाडायची असं त्यानं ठरवून टाकलं होतं. चंद्राबाईला विचारायची त्याला गरज वाटली नव्हती.

मावसबहिणीच्या लेकीच्या लग्नाला चंद्राबाई सांगलीला गेली, तेव्हा लालासाहेबच म्हणाला, "येताना एखादं मांजर मिळतंय का बघा, वैनी." लग्नघरात तिनं चौकशी केली. कुणीतरी सांगितलं, विश्रामबागेच्या पुढं जैन व्यापाऱ्यांची पांजरपोळ आहे, तिथं जा.

भाकड गाई, लंगडे बैल, पाठ सोललेली एक घोडी, अशी कुणाला नको झालेली जनावरं तिथं होती. त्यांची देखभाल रामगोंडा नावाचा गडी करायचा. डोक्याला टापर बांधून तो वैरण टाकत होता.

"मांजर कशाला पाहिजे, अक्का?"

"उंदीर लय झाल्यात."

रामगोंडानं हातातली पेंढी खाली ठेवली. "हे हितं बोलू नका की! जीव वाचवायची जागा हाय ही. मारायला म्हणून जनावर देत न्हाई आमी."

"खोटं बोलून न्यायचं आसतं तर दुसरं कायतरी सांगितलं आसतं," चंद्राबाई म्हणाली. "दूधभाकरी घालीन. अंगणात ऊन दीन. पण उंदीर धरू नगंस म्हणून मांजराला मी न्हाई सांगायची. तुमच्यानं सांगवतंय का, आण्णा?"

रामगोंडा हसला. तिला गंजीमागं घेऊन गेला. तिथं एका फाटक्या पोत्यावर दोन मांजरी एकीत एक गुंतून निजल्या होत्या. एक पिवळी, दुसरी काबरी. चाहूल लागताच पिवळीनं डोळे उघडले. काबरीनंही तोंड वर केलं, पण तिच्या डोळ्यांच्या जागी पांढुरकी साय होती.

"कृष्णेच्या काठावर पोत्यात बांधून टाकलेली पिल्लं," रामगोंडा सांगू लागला. "काबरीचं डोळं तवाच गेल्यालं. मागं एका पेढीवाल्यानं पिवळीला नेलं. दुकानात ती अन्नाला शिवंना, आन् हितं काबरी भिताडाला धडका घेत फिराय लागली. श्येवटी तोच गडी पिवळीला परत घिऊन आला. तवापासनं आमी एक देत न्हाई. न्यायच्या तर दोघी न्या."

"आंधळीचं मी काय करू?"

रामगोंडा वाद घालत बसला नाही. त्यानं परळात दूध ओतलं आणि आपल्या कामाला लागला. चंद्राबाई बघत राहिली. पिवळी उठली, काबरीच्या कुशीला कूस लावून चालू लागली, आणि परळाशी पोचल्यावर थांबली. काबरीची जीभ दुधाला लागली तेव्हाच तिनं आपलं तोंड खाली घातलं.

घरी लालासाहेब काय म्हणेल हे चंद्राबाईला शब्दासकट ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच की काय, तिनं बरोबर आणलेली झाकणाची पाटी पुढं सरकवली. "घाला दोघींना," ती म्हणाली.

मिरजेला गाडी बदलली. डब्यात पाटीतून आवाज आला तशा शेजारच्या बायका आवरून बसल्या. एकजण पुटपुटली, "आदीच बोडकं कपाळ, आन् वर संगं मांजर."

"एक न्हाई, दोन हायती," चंद्राबाई मोठ्यानं म्हणाली आणि पाटी मांडीवर घेऊन पार आपल्या कोरेगाव स्टेशनापर्यंत ताठ बसून राहिली.

लालासाहेब तेच म्हणाला. "एक सांगितलं तर दोन आणली? त्यातलं एक आंधळं? वैनी, ह्या घरात आदीच दोन-दोन बसून खात्यात."

तानुबाई घागर घेऊन आत येत होती. ती उंबऱ्यातच थबकली.

"बसून?" चंद्राबाई म्हणाली. "भावजी, तुमाला जाग येती तवा दळान झाल्यालं आसतं. भांगलायला, शेंगा उपटायला कोण जातं ते बांधावर येऊन बघा कवातरी."

लालासाहेबानं मान फिरवली. विषय तेवढ्यावर राहिला. मांजरी राहिल्या. पिवळी उंदरामागं घरभर पळायची, आणि काबरी कणगीपाशी कान देऊन बसायची. पळता पळता उंदीर तिच्या टप्प्यात आला की पंजा पडलाच म्हणून समजा. कणगीचं भोक तानुबाईनं शेणामातीनं लिंपून टाकलं.

सुगी झाली. एका सकाळी दोघी शेतावर गेल्यावर लालासाहेब गाडी जुंपून कोरेगावला निघाला. आप्पासो रेल्वेनं येणार होता, त्याला आणायला. पायरी उतरतो तोच काबरी त्याच्या पायात आली. आपण कुणाला आडवं जातोय हे आंधळ्या मांजराला कळावं कसं? पण लालासाहेबाचं डोकं फिरलं. त्यानं तिला मानगूट धरून पोत्यात कोंबलं आणि पोतं गाडीत टाकलं.

दुपारी दोघी परतल्या तर पिवळी कण्हत घरभर फिरत होती. ओसरी, गोठा, माळा, सगळं पालथं घातलं. काबरी कुठंच नाही. चुलीपाशी लालासाहेबाची बायको विजयमाला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"आक्का, मी सांगितलं म्हणू नगा," ती हळूच म्हणाली. मग पिठाचे हात झटकून तिनं मान वर केली. "न्हाई, म्हणा. मीच सांगितलं म्हणा. नदीपल्याडच्या गुऱ्हाळावर सोडतो म्हणत हुते."

चंद्राबाईनं पिवळीला पाटीत घातलं. पाटी तानुबाईनं डोक्यावर घेतली आणि दोघी भर उन्हाच्या गावातून निघाल्या. पारावरच्या माणसांना मजा वाटली. "काय रं गड्या, हवालदारणींची पलटण निघाली!" कुणी ओरडलं. तानुबाईची मान खाली गेली. चंद्राबाई मात्र पारापुढं थांबली.

"मांजर हुडकायला चाललोय," ती म्हणाली. "यायचं आसंल तर या. न्हाईतर सावलीत बसा गप."

कुणी आलं नाही, पण कुणी हसलंही नाही.

वसना नदीला गुडघाभर पाणी होतं. गुऱ्हाळावर केरबा गुळव्या काहिलीतला रस ढवळत होता. पोतं सोडून जाताना लालासाहेबाला त्यानं बघितलं होतं. मांजर मात्र चिपाडांच्या ढिगात शिरलं ते परत दिसलं नव्हतं. ढीग घराएवढा. उपसायचा म्हटलं तर दिवस गेला असता.

"काबरे! काबरे!" तानुबाईनं हाका मारल्या. काही हललं नाही.

मग तिनं पाटीचं झाकण काढलं. पिवळी बाहेर उडी मारून उभी राहिली, नाक वर करून तिनं वास घेतला आणि कधी न ऐकलेल्या जाड, घोगऱ्या आवाजात ओरडली. ढिगातून बारीक उत्तर आलं. पिवळी सरळ आवाजाच्या दिशेनं चढली, चिपाडं उकरू लागली, आणि दोघी बायका तिच्यामागं हातांनी उपसू लागल्या. केरबानं झारा दुसऱ्याच्या हाती दिला आणि तोही आला. काबरी निघाली. कान फाटला होता, अंगाला चिपाडाचा भुसा चिकटला होता. पिवळीनं तिला तिथंच खाली दाबून धरलं आणि तोंड चाटायला सुरुवात केली.

तानुबाई चिपाडांवरच बसली. "आक्का," ती म्हणाली, "आज दादा येणार हाय. मला न्यायला. भावजींनी कालच सांगितलं मला. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाई."

चंद्राबाईच्या हातातलं चिपाड तसंच राहिलं. "तुला जायचं हाय का?"

"न्हाई."

"मग ऊठ."

घरी आल्या तर दारात बैल सोडलेली गाडी होती. ओसरीवर आप्पासो पागोटं मांडीवर ठेवून बसला होता. लालासाहेब उभाच होता. पाटी बघून तो उसळला.

"फिरून आणली ती ब्याद? वैनी, ह्या घरात कोण ऱ्हाणार आन् कोण न्हाई, ते मी ठरवणार!"

"तुमच्या घरात तुमी ठरवा," चंद्राबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आजपासनं आमची चूल येगळी. हवालदारांचा जमिनीतला वाटा त्यांच्या दोघी बायकांचा हाय. कोरेगावच्या कोर्टात इचारून घ्या. गोठ्याकडची खोली आमी घितो. तितं मी ऱ्हाणार, तानू ऱ्हाणार, आन् ही मांजरं ऱ्हाणार."

"दोन रांडमुंड बाया शेती करणार?"

"आजवर दुसरं कोण करत हुतं?"

लालासाहेब आप्पासोकडं वळला. "तुमी बोला की. तुमची बहीण हाय."

आप्पासो गरीब माणूस. त्याच्या घरातही खाणारी तोंडं होतीच. त्यानं बहिणीकडं बघितलं. तिच्या लुगड्याला भुसा लागला होता, हात खरचटले होते. "तानू, काय म्हणतीस?"

जन्मात पहिल्यांदा तानुबाई दिरासमोर बोलली. "दादा, आलाईस तर जेवून जा. आमच्या चुलीवरचं."

गोठ्याकडच्या खोलीत तीन दगड मांडून झाले. पण घरातली एकुलती काडेपेटी लालासाहेबानं कनवटीला लावली होती, आणि माल मोजून मिळण्याच्या त्या कंट्रोलच्या दिवसांत दुसरी कुठून आणायची? शेजारणींनी दारं लोटून घेतली होती. लालासाहेबाशी वाकडं कुणाला नको होतं. चंद्राबाई रिकाम्या चुलीपुढं बसली. उद्या नांगर कोण धरणार, बैल कुठून आणायचे, हे सगळं आत्ता तिच्यापुढं येऊन उभं राहिलं.

इतक्यात दारात सावली पडली. विजयमाला होती. तिनं चिमट्यात जळती गोवरी धरली होती. नवऱ्याच्या देखत, आख्खं अंगण ओलांडून ती आली होती.

"विजे!" मागून लालासाहेब गरजला.

विजयमालानं मागं बघितलं नाही. तिनं वाकून गोवरी तीन दगडांच्या मधोमध ठेवली. "फुंका, आक्का," ती म्हणाली. "इझंल न्हाईतर."

चंद्राबाई फुंकू लागली. धुरानं डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. तानुबाईनं परातीत पीठ काढलं, आणि बाहेर आप्पासो बैलांपुढं वैरण टाकायला उठला.