कोणतेही कारण न देता

“सही आणायची, बस्स. तारीख तेवढी त्या वेळची घालायची,” डॉ. त्र्यंबक गोगटे म्हणाले आणि मीठ मागावे तितक्या सहजपणे त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली.

लोणावळ्यात तुंगार्लीला त्यांचा बंगला होता. शनिवार-रविवार तिथे विसावायचे आणि सोमवारी पुण्याच्या संस्थेत जाऊन विज्ञानाची धुरा वाहायची, असा त्यांचा क्रम. समोर बसलेली यशोधरा त्यांच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षे राबली होती. त्यातल्या सात वर्षांनी तिला डॉक्टरेट दिली आणि उरलेल्या दोन वर्षांनी जागा निघण्याची आशा. जागा निघाली तेव्हा ती दुसऱ्या कोणाची तरी निघाली. तेव्हापासून ती तळेगावच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून एका कंपनीसाठी मेडिकल रायटिंग करीत होती. औषधांच्या चाचण्यांचे अहवाल, डॉक्टरांच्या नावाने छापून येणारे लेख आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांसाठी सोप्या मराठीतली माहितीपत्रके, असे ते काम. प्रयोगशाळेत असताना तिने लिहिलेले चार जण वाचीत, तेही शंका काढण्यासाठी. आता तिने लिहिलेल्यावर हजारो लोक न वाचताच सह्या करून मोकळे होतात. याला प्रगती म्हणण्याची पद्धत आहे.

“कुणाची सही, सर?” तिला उत्तर ठाऊक होते. पण ते त्यांच्या तोंडून यावे असे तिला वाटत होते.

“तुझ्या आईंची गं. भा-१ची.”

भा-१ हे जीवाणूंच्या एका वाणाचे नाव होते. यशोधराच्या आईला, भागुबाईला, मधुमेह. तिच्या डाव्या पायाची जखम कोणत्याच औषधाला दाद देत नव्हती. पहिल्याच वर्षी यशोधराने वडिवळ्याला, गावच्या घरी, ओट्यावर बसून, निर्जंतुक काडीवर त्या जखमेचा नमुना घेतला आणि प्रयोगशाळेत वाढवला. हे जीवाणू स्वतःभोवती चिकट कवच विणतात, म्हणून औषध आत पोचत नाही, हे तिला दिसले. ते कवच कोणती दोन औषधे मिळून फोडतात, हे शोधायला तिला पुढची सगळी वर्षे लागली. जीवाणू काचेत जोमाने वाढत राहिले. पाय तोवर गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे इतर रुग्णांचे नमुने आले, ते रीतसर, संमतीपत्रांसह. आईचे संमतीपत्र तेवढे राहिले. तिने तेव्हा विचारले होते. “आईच आहे ना? मग झालं,” असे सर म्हणाले होते, आणि झाले होते.

“जर्नलला प्रत्येक रुग्णाची संमती हवीय,” सर सांगत होते. “बाकी सगळं तयार आहे. तू एकदा भाषेवरून हात फिरव. आता तर तू त्यातलीच आहेस.”

“आणि नाव?”

“आभारात आहे की. ‘लेखनसाहाय्याबद्दल.’”

“सर, ज्याने प्रयोग केले तो लेखक. ज्याने नुसतं लिहिलं त्याचे आभार. हा नियम मी रोज लोकांना पाठवते.”

बाजूला बसलेला श्रीयश, सरांचा सध्याचा विद्यार्थी आणि त्या लेखाचा पहिला लेखक, बशीतले दाणे मोजत होता. “मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं की इतकं सगळं तुमचं—”

“तू खा रे,” सर म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. मायेचा आणि धमकीचा आवाज त्यांच्याकडे एकच होता. “हे बघ यशोधरा. लेखकांत तुझं नाव आलं, की पहिली रुग्ण तुझी सख्खी आई, हे जाहीर करावं लागेल. मग तो नमुना काढा म्हणतील. भा-१ काढला तर लेखात उरतं काय? तुला ते काम जगलेलं हवंय की नाव हवंय? तूच ठरव.”

नीरजाताई, सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. “खरं तर तू लॅब सोडायलाच नको होतीस. तुम्हा लोकांचं बरं असतं, कुठेही लागली असतीस.” कसे बरे असते, हे सांगण्याचे मात्र त्यांनी सभ्यपणे टाळले. “आणि हो, तुमच्याकडे इंद्रायणी तांदूळ होतो ना गं? या वेळी दहा किलो पाठव. बाजारात काय खात्री नसते.”

यशोधराने चहा संपवला. कोरे संमतीपत्र तिच्या पर्समध्ये होतेच. त्याचा मसुदा तिचाच होता. संस्थेने ते तिच्या कंपनीकडून घेतले होते, आणि कंपनीने तिच्याकडून.

पुणे लोकलमध्ये खिडकीपाशी बसून तिने ठरवले ते एवढेच: जुनी तारीख घालायची नाही. आईला आज विचारायचे आणि आजची तारीख घालायची. पुढे सरांशी काय भांडायचे ते भांडू. आई होच म्हणणार, याबद्दल तिला शंका नव्हती. आणि खरे सांगायचे तर, तिला तो होकार हवा होता. स्वतःचे नाव गेले तर जावो. आईच्या नावातले एक अक्षर आणि आपली नऊ वर्षे कुठेतरी छापलेली राहावीत, इतकी क्षुल्लक हाव तिच्यात अजून शिल्लक होती.

कामशेतला उतरले की तिची भाषाही उतरत असे. टमटमवाल्याला तिने “वडिवळ्याला चाललास का रं?” म्हणून विचारले ते एका वेगळ्याच बाईच्या आवाजात.

वडिवळ्यात भाताची झोडणी चालली होती. श्रीपती, तिचे वडील, खळ्यावर पेंढी आपटत होते. डोक्याला मुंडासे, भुवयांवर भुसा.

“आली का डाक्टरीन!” ते ओरडले. “जा आत. तुजी आय सकाळधरनं माज्या नावानं शंख करतीय.”

भागुबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. कुबडी भिंतीला टेकवलेली, रिकाम्या बाजूचे लुगडे नीट दुमडून खाली खोचलेले.

“आये, तुला एक इचारायचंय.”

“लगीन सोडून काय बी इचार. त्या इषयावर आता म्याच थकले.”

यशोधरा पायरीवर बसली. नमुना, जीवाणू, लेख, सर, सगळे तिने सांगितले. सोपे करून सांगणे हा तिचा धंदाच होता. भागुबाई पाखडत ऐकत होती. मध्येच हात थांबला.

“म्हंजी त्ये किडं आजून जित्तं हाय?”

“व्हय. लय थंड फ्रीजात ठिवलंय.”

“घ्या! पाय गेला आन् किडं ऱ्हायलं.”

“तुज्यापरास त्येंचीच बडदास्त चांगली,” श्रीपती खळ्यावरून हसले.

“तुमी गप झोडा वो.” ती लेकीकडे वळली. “आन् नाव कुनाचं येनार?”

“श्रीयश म्हनून एक पोरगा हाय. त्येचं.”

“त्येचा बी पाय गेलाय व्हय?”

“न्हाई.”

“आन् तुजं?”

“शेवटाला. आभारात.”

यशोधराने संमतीपत्र काढले आणि वाचायला घेतले. स्वतःची वाक्ये स्वतःच्या ओट्यावर वाचताना तिला ती कोण्या परक्याची वाटली. ‘या अभ्यासात भाग घ्यायचा की नाही, हे पूर्णपणे तुम्ही ठरवायचे आहे.’

“ग्वाड लिवलंय. कुनी लिवलं?”

“म्याच.”

“आन् ह्ये इचारायचं कवा असतंय? आदी का मागनं?”

“आदी.”

भागुबाईने सूप खाली ठेवले. “वाच म्होरं.”

यशोधरा शेवटपर्यंत वाचत गेली. भागुबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. खळ्यावर पेंढीचे आपटणे थांबले होते.

“म्या न्हाई म्हनलं तर?”

यशोधराने कागद मांडीवर ठेवला. “तर त्ये समदं टाकून द्यायचं. लेख व्हनार न्हाई.”

“तुजी वरसं?”

“ती बी जातील.”

भागुबाईने लेकीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले. त्या चेहऱ्यावर काय लिहिले आहे, हे तिला कळत नव्हते असे मुळीच नाही.

“मंग न्हाई,” ती म्हणाली.

“आये—”

“न्हाई म्हनले न्हवं.”

“पन का?”

भागुबाईने हनुवटीने कागदाकडे खूण केली. “त्ये मगाशी वाचलंस त्ये परत वाच.”

यशोधराने वाचले. ‘तुम्ही कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, नकार देऊ शकता. त्यामुळे तुमच्यावरील उपचारांत कोणताही फरक पडणार नाही.’

“मंग झालं तर,” भागुबाई म्हणाली आणि तिने सूप उचलले.

यशोधराला संताप आला. तो आईचा होता की सरांचा की त्या वाक्याचा, हे लगेच ठरेना. हे वाक्य तिने किती औषधांसाठी, किती आजारांसाठी लिहिले होते! संपादकांनी त्यातला स्वल्पविराम हलवला होता, वकिलांनी परत जागेवर आणला होता. ते शेवटपर्यंत ऐकून त्याचा शब्दशः वापर करणारे माणूस तिला आजवर भेटले नव्हते. पहिले भेटले ते घरात, आणि त्याने तिचीच नऊ वर्षे घेतली. तिने कागदाची घडी घातली. हा राग पुरवून पुरवून वापरावा लागेल, असे तिला वाटले. दमलेल्या माणसाला तोही एकदम परवडत नाही.

संध्याकाळी तळेगावला परतल्यावर तिने सरांना आणि संस्थेच्या नैतिकता समितीला एकच मेल पाठवला: ‘भा-१ हा नमुना ज्या व्यक्तीचा आहे, तिची संमती कधीही घेतलेली नव्हती. आज विचारले असता तिने नकार दिला आहे. कारण दिलेले नाही. देण्याची गरज नाही. नमुना नष्ट करावा आणि त्यावरून मिळालेली माहिती वापरू नये.’ प्रयोगशाळा सोडल्यापासून तिने लिहिलेल्या सगळ्या मजकुरांत एवढ्याखालीच तिचे पूर्ण नाव होते.

सरांचा फोन लगेच आला. “वेड लागलंय का तुला? स्वतःच्या हाताने? तुझं काम होतं ते!”

“सकाळपर्यंत श्रीयशचं होतं, सर.”

“यशोधरा, तुला कळतंय का तू काय मारून टाकते आहेस?”

“कळतंय. मीच वाढवलंय ते.”

समितीने, जिला एरवी साध्या परवानगीला ऋतू लागत, या वेळी दोन दिवसांत कळवले: नष्ट करावे. विनंतीवरून यशोधरालाही हजर राहायला मुभा दिली.

प्रदीप, प्रयोगशाळेचा जुना अटेंडंट, तिला पाहून खूश झाला आणि मग काम आठवून ओशाळला. फ्रीजरमधून त्याने डबा काढून दिला. बोटांच्या पेरांएवढ्या कुप्या, त्यांवर बर्फाचा पांढरा थर. तिने अंगठ्याने तो पुसला. खाली तिचे तेव्हाचे अक्षर, अजून उमेदीचे. एकेक कुपी तिने स्वतः पिशवीत टाकली आणि ऑटोक्लेव्हमध्ये, त्या पिंपाएवढ्या प्रेशर कुकरमध्ये, ठेवली. प्रदीपने झाकण आवळले.

“मॅडम, तुम्ही निघा. वेळ लागतो. मी बघतो.”

“बसते.”

बाहेर लाकडी बाक होता; तिथून उघड्या दारातून दाबाचा काटा दिसत होता. मांडीवर पर्स घेऊन ती बसली. आईचा पाय काढला त्या दिवशीही ती अशीच बसली होती, ऑपरेशन थिएटरबाहेर. दार उघडले, आई बाहेर आली, आणि तो पाय कोणत्या दाराने गेला ते विचारायचे तिला सुचले नव्हते. आतून जीवाणू ज्यात वाढवतात त्या उकडलेल्या मांसरसाचा ओळखीचा, जड वास येऊ लागला.

फोन वाजला. भागुबाईचा होता.

“झालं का?”

“व्हतंय.”

“जाळत्यात का?”

“न्हाई. शिजवत्यात. मोठ्या कुकरात घालून.”

“कुनी हाय का तितं, जवळ?”

“म्या हाय की.”

पलीकडे नुसते सूप वाजत राहिले, मग तेही थांबले.

“मागल्या खेपंला पाय कुटं टाकला, ते बी कुनी सांगितलं न्हाई मला,” भागुबाई म्हणाली. “बस मंग. पुरतं झाल्याबिगर उठू नगं.”

“न्हाई उठत.”

दाबाचा काटा वर जाऊन स्थिरावला होता. बऱ्याच वेळाने तो हळूहळू उतरू लागला. प्रदीपने दोनदा दारातून डोकावून पाहिले. यशोधरा काट्याकडे पाहत बसून होती, पदराखाली काही झाकून आणल्यासारखी, दोन्ही हात पर्सवर ठेवून.