एसाबाच्या खोलीची किल्ली

या, अशा जवळ बसा. धुरात नको, वाऱ्याच्या अंगाला बसा. मासे आत्ताच भट्टीवर चढवलेत, उलटायला तासभर आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. आमच्या अमोआकुर गावातलीच आहे. सांगताना मला राग येतो, तर येऊ दे. देवानं माणसाला राग दिला तो सगळाच काही पापासाठी दिला नसेल.

गोष्ट एसाबामावशीची. आमच्या चर्चमध्ये उपदेश एकट्या पाळकाचा नसतो. तो बोलता बोलता एखाद्या वचनापाशी येतो, आणि बायकांच्या बाकांतून कुणीतरी उठून तेच वचन गाण्यात उचलते. पाळक थांबतो. पुरुषांच्या बाकांवरून उत्तर येतं, टाळ्या पडतात, आणि गाणं निवलं की उपदेश पुढे सरकतो. लिहिलेलं काही नसतं, तिथल्या तिथे सुचतं. असा उपदेश ऐकण्यासाठी मी दोनदा मासे जळू दिलेत. आणि गाणं उचलण्यात एसाबामावशीसारखी बाई या किनाऱ्यावर नव्हती. तिच्या शेजारी बसूनच मी शिकले.

मग तिच्या पाठीवर बधिर चट्टे उठले, बोटं वाकायला लागली. तिला कुष्ठवस्तीत नेलं, लॉरीनं दोन तासांवर. दीड वर्षाच्या गोळ्यांनी रोग गेला. बोटं वाकडी राहिली, उजव्या हाताची दोन आखूड झाली, एवढंच. पण न्यायला घरचं कुणी आलं नाही. दीड वर्षाच्या औषधाला बावीस वर्षांची वस्ती.

आमच्याकडे घर आईच्या बाजूनं चालतं, तेव्हा तिच्या आईची खोली तिचीच. पण खोलीला कुलूप आणि किल्ली बोत्वेमामाच्या कमरेला. बोत्वे म्हणजे तिचा मावसभाऊ, तिच्याहून आठ वर्षांनी लहान, पण घराण्याचा मुख्य म्हणून सगळं गाव त्याला मामा म्हणतं. मावशी किल्ली मागायला आली की तो म्हणायचा, "डॉक्टरचा कागद आण." तिनं आणला. "यावर शिक्का नाही." शिक्का आणला. "ही तारीख जुनी झाली." तिसरा कागद आणला तेव्हा मी तिथे होते. मामानं तो हातात घेतलाच नाही, स्टुलावर ठेवायला लावला. चष्म्याशिवाय त्याला जवळचंही दिसत नाही, लांबचं काय दिसणार? मलाच वाचायला सांगितलं.

मी वाचलं, "या बाईंना आता कुष्ठरोग नाही. त्यांच्यापासून कुणालाही लागण होत नाही."

मामा म्हणाला, "आता नाही म्हणतात. उद्याचं कुठं लिहिलंय?"

"उद्याचं तुझंही कुणी लिहून दिलेलं नाही, बोत्वे," मावशी म्हणाली, आणि परतीची लॉरी धरायला निघाली.

मग तिची धाकटी बहीण एकुआ वारली. रक्तदाबानं, दोन दिवसांत. मावशी काळं-तांबडं कापड नेसून मातीला आली. आता आमच्या मयताची रीत अशी, की घरचे लोक मांडवात ओळीनं बसतात आणि येणारा प्रत्येक जण उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवत जातो. एकालाही वगळायचं नाही. वगळलं म्हणजे तू माणसांत नाहीस असं तोंडावर सांगितलं. आणि मावशी मोठी बहीण, तिची जागा ओळीत दुसरी.

आदल्या दिवशी मामा तिला म्हणाला, "ताई, तू स्वैपाकाकडे बस. सावली आहे तिथं."

"माझी बहीण मांडवात निजलीय आणि मी पातेल्यांची राखण करू? मी ओळीत बसणार."

"लोक हात कसा मिळवतील?"

"पुढे करून."

मामा रात्रभर विचार करत असावा, कारण सकाळी त्यानं स्वतःवर खूश होऊन कर्ण्यावरून सांगायला लावलं, "घरच्यांची विनंती आहे, आज कुणीही कुणाशी हात मिळवू नये. लांबून हात हलवावा." एकीचा हात टाळायचा म्हणून सगळ्यांचेच बंद. मी कपाळावर हात मारला.

पहिल्या आल्या शेजारच्या गावच्या मासेवाल्या, काळ्या कापडांत वीसजणी, पुढे क्वांसिमाबाई, दोन माणसांच्या अंगाची. तिनं हात पुढे केला. ओळीतल्या पहिल्या म्हाताऱ्यानं लांबूनच पंजा हलवला. क्वांसिमाबाईचा हात तसाच राहिला, मग हळूच पदरात गेला.

"काय गं," तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "एकुआ कशानं गेली?"

"रक्तदाबानं."

"रक्तदाबाच्या मयतात हात मिळवतात. खरं सांग. कॉलरा आहे का घरात?"

झालं. तासाभरात सगळा मांडव रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा. पाण्याला कुणी हात लावेना, मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेले मासे माश्यांना. एकुआच्या सासरच्यांनी आणलेलं कापड फाटकाबाहेर दगडावर ठेवलं. खांदेकऱ्यांनी हातमोजे मागितले. बावीस वर्षं जे एका बाईला सोसायला लावलं ते त्या घराला एका सकाळीत सोसवेना. मामा या घोळक्यातून त्या घोळक्यात धावत होता, "अहो, कॉलरा नाही. शपथ घेतो."

"मग हात का नाही?" जो तो विचारायचा. आणि मामाला सांगता येईना.

ओळीत मावशी एकटी सरळ बसली होती. म्हणाली, "सांग ना, बोत्वे. तोंडाला काय झालं? बोटं माझी आखडलीत."

शेवटी क्वांसिमाबाईनं त्याला मांडवाच्या खांबापाशी गाठलंच. तो खाली बघत पुटपुटला, "ताईमुळे. तिला पूर्वी तो... वस्तीवर होती ती."

"एसाबामुळे?" क्वांसिमाबाई रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी बोलली. "मी दर गुरुवारी वस्तीवर मासे विकते. तिच्या हातचं जेवते. एवढंच होय? चला गं, घरात काही नाही."

आणि लोक परत आले. ते पाहून मी आनंद मानावा की डोकं फोडून घ्यावं? शहाणपण आलं ते उपदेशानं नाही, डॉक्टरच्या तीन कागदांनी नाही. कॉलऱ्याच्या भीतीपुढे तो रोग किरकोळ वाटला, म्हणून आलं. क्वांसिमाबाईनं मावशीचा हात दोन्ही हातांत धरला. मागून सगळे. काहींनी नुसती बोटांची टोकं लावली, दोघं-तिघं खोकल्याचं निमित्त करून पुढे सरकले, पण ओळ चालली. राहिला तो मामा.

"मला तुझा हात नकोय, बोत्वे," मावशी म्हणाली. "किल्ली दे."

"खुंटीला अडकवतो. तिथून घे."

"खुंटीवरून चोर घेतो. हातात दे."

"रविवारनंतर बघू," म्हणून तो शवपेटीकडे गेला.

रविवारी मयतानंतरची आभाराची उपासना, मातीला आलेले सगळे तिला पुन्हा येतात. मामा चर्चचा कारभारी. त्यानं नव्या पाळकाला आधीच सांगून ठेवलं असणार, कारण पाळकानं विषय घेतला वडीलधाऱ्यांच्या आज्ञेचा. बायबलातली मिर्याम आपल्या भावाविरुद्ध, मोशेविरुद्ध बोलली, देवानं तिला कुष्ठानं पांढरं केलं आणि सात दिवस तळाबाहेर, म्हणजे लोकांच्या छावणीबाहेर ठेवलं. इतकं सांगितलं आणि पान उलटलं.

पाठीमागच्या बाकावरून मावशी उठली. बावीस वर्षांत आवाज जाडसर झाला होता, पण ओळखीचा. तिनं उचललं:

"सातच म्हणालास, देवा, सातच म्हणालास.
मग तळ हलला का, मिर्यामेवाचून?"

ते पुढचंच वचन. पाळकानं सोडलेलं. तिला परत घेईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही, असं लिहिलंय. पुरुषांच्या बाकांवर उत्तराचा पहिला आवाज नेहमी मामाचा. गाण्याला उत्तर न देणं त्याच्या रक्तात नाही. सवयीनं त्यानं खर्जात दिलं, "हलला नाही, हलला नाही." दोनदा देऊन झालं तेव्हा कुठे आपण कशाला उत्तर देतोय ते त्याला उमगलं. तोवर सगळं चर्च उभं होतं आणि टाळ्या थांबायला तयार नव्हत्या. मी तर चपला काढून नाचले.

उपासना संपली. मामा घाईनं दाराकडे निघाला, तर उंबऱ्यात क्वांसिमाबाई बसलेली.

"बाई, वाट सोडा."

"तळ हलला नाही म्हणालास ना, मामा? मग आम्ही कसे हलणार?" आणि तिच्या मासेवाल्या तिच्या मागे पायऱ्यांवर बसल्या. बायका हसायला लागल्या. पाळक छताकडे बघत उभा राहिला.

मामानं कमरेची गाठ सोडली. किल्ली मावशीच्या वाकड्या तळहातावर ठेवली. ठेवताना बोटं लागलीच, वाकड्या हातात किल्ली नुसती टाकता येत नाही. मग तो सरळ चर्चमागच्या नळाकडे गेला आणि कोपरापर्यंत हात घासू लागला.

मावशी त्याच्या मागोमाग जाऊन उभी राहिली. "साबण इकडे दे," म्हणाली. "तुझा हात लागलाय मला."

तेव्हापासून ती त्या खोलीत राहते. सगळं नीट झालं असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? नळावर तिची बादली आली की शेजारीण आपली बाजूला सरकवते. प्रभुभोजनाचा प्याला वाटणारा तिच्यापाशी सगळ्यात शेवटी येतो, आणि हे तोच माणूस करतो ज्याला तिच्या गाण्यावर रडताना मी पाहिलंय. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

चला, मासे उलटायला हवेत. जाताना एक करा. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा एसाबाचं नाव घ्या. नुसतं नाव घ्या, त्याच्याआधी 'बिचारी' लावू नका.