तबकडीचं रडणं

दिग्गी गावात रीत अशी की, आई गेली की लेकीनं तिच्या आठवणी सांगत, आपल्याच शब्दांत सूर लावून रडायचं. उसनं रडणं मेलेल्या माणसाला ओळखू येत नाही, असं म्हणत.

पण त्या उन्हाळ्यात सुप्याच्या बाबुराव व्यापाऱ्यानं गावात भोंग्याचा बाजा आणला होता. तबकडी एकच, तीही चिरलेली. ‘सखे, परत ये गं’ यातल्या ‘ये गं’वर सुई अडकायची. सारं गाव ते गाणं अडखळण्यासकट शिकलं.

काशी मेलेल्या आईच्या उशाशी बसली. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, ‘सखे, परत ये गं, ये गं, ये गं...’

तिनं तोंडात पदर कोंबला. तरी गाणं थांबेना. भोवतालच्या बायकांनी ते उचललं होतं, आणि त्याही त्याच जागी अडखळत होत्या.

“काय रडलीस गं पोरी! हुबेहूब बाजा!” फुलाकाकी डोळे पुसत म्हणाली.

“काकी, माझं रडणं कुठं गेलं?”

“ह्येच की! आता समद्यांचं ह्येच हाय.”

काशीनं घाबरून डोळे मिटले आणि आईची हाक आठवून पाहिली.

आईनं हाक मारली, “काशी, ये गं, ये गं, ये गं...”