याय सोमच्या अंगणातला वेल

२००७ च्या एप्रिलात अकोल्याच्या शेतकी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली, तेव्हा पौर्णिमा येऊलचं नाव दुसरं होतं आणि जागा एकच होती. थायलंडमधल्या खोन केनच्या विद्यापीठात चार महिने शिकायचं, खर्च त्यांचा. आठ दिवसांनी पहिल्या मुलीचं लग्न ठरलं आणि पौर्णिमाचा नंबर लागला.

पासपोर्टच्या चौकशीसाठी हवालदार अंजनगाव सुर्जीला घरी आला, तेव्हा गल्लीतल्या बायकांना वाटलं, काहीतरी भानगड झाली. पौर्णिमाच्या आईनं, जमुनाबाईनं, त्याला चहा दिला आणि दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरगी इमानात बसून परदेशी जाऊन राहिली."

वडील चंद्रभान यांचा पाव एकराचा पानमळा होता. पाणी आटत गेलं तशी आजूबाजूच्या लोकांनी विड्याच्या पानाचे वेल उपटून टाकले, पण त्यांचा मळा टिकला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं पानमळे हायेत काय?"

"माईत नाई बाबा. पाह्यते."

पौर्णिमा हुशार होती, पण वर्गात तोंड उघडत नसे. पहिल्या वर्षी एका तासाला ती उभी राहून म्हणाली होती, "सर, मले समजलं नाई." मागच्या बाकावरच्या, पुण्याकडून आलेल्या दोघी तोंडावर हात धरून हसल्या होत्या. त्या दिवसापासून तीन वर्षं तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता. पेपरात मात्र सगळं लिहायची.

खोन केनला पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं, की इथं इंग्रजी बोलताना सगळेच अडखळतात. व्हिएतनामचा मुलगा क्रियापद विसरायचा, लाओसची मुलगी हातवारे करून वाक्य पुरं करायची, खुद्द सरही मधेच थांबून शब्द शोधायचे. कोणी हसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पौर्णिमानं हात वर केला. प्रश्न साधा होता, मातीतल्या क्षारांबद्दल. सरांनी उत्तर दिलं आणि तास पुढे सरकला. तिचे कान मात्र तास संपेपर्यंत गरम होते. संध्याकाळी ती होस्टेलच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली.

तिच्या खोलीत नोई नावाची मुलगी होती, तिथल्याच एका खेड्यातली. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तासन्‌तास बोलायच्या. एकदा नोई म्हणाली, "मी बँकॉकला मामाकडे गेले की गप्प बसते. आमच्या भागाची बोली ऐकून तिथले लोक हसतात. म्हणतात, शेतातून आली."

मग पौर्णिमानं नोईला 'मले'ची गोष्ट सांगितली. नोई ती ऐकून हसली नाही. तिनं 'मले' हा शब्द तीनदा म्हणून पाहिला आणि विचारलं, "बरोबर आला का?"

एका शनिवारी नोईनं तिला आपल्या गावच्या बाजारात नेलं. तिथं एक म्हातारी केळीच्या पानावर विड्याची पानं मांडून बसली होती. पौर्णिमा चालता चालता थांबली. पान उचललं, उजेडात धरलं, नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, पण पान लहान होतं, पातळ आणि फिकट.

"हिला विचार," ती नोईला म्हणाली, "वेल किती वर्षांचा आहे, आणि कधी खाली उतरवला होता."

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. वेल वर चढतो, तो खाली कशाला उतरवायचा? तिचं नाव सोम. गावात सगळे तिला याय सोम म्हणत, म्हणजे सोमआजी. वेल बघायचा असेल तर घरी चला, असं ती म्हणाली आणि टोपली उचलून निघालीसुद्धा.

अंगणात शेवग्याच्या दोन झाडांवर दोन वेल पार शेंड्यापर्यंत गेले होते. बुडाशी नुसता वाळका दांडा, वर चिमुकली पानं. अंजनगावात असा वेल कोणी वर्षाच्या वर ठेवला नसता. तिथं दरवर्षी उतरण करतात. वेल झाडावरून सोडवून खाली घेतात, त्याच्या दांड्याचं वेटोळं बुडाशी मातीत पुरतात आणि फक्त शेंडा वर बांधतात. पुरलेल्या पेरांना मुळं फुटतात आणि वेल पुन्हा तरणा होतो. पौर्णिमानं हे लहानपणापासून पाहिलं होतं, पण केलं कधीच नव्हतं. त्यांच्या घरात उतरण पुरुषच करत. बायकांनी पानं खुडायची आणि मातीची टोपली आणून द्यायची.

"मी करून देते," ती म्हणाली.

होस्टेलवर येऊन तिनं घरी फोन लावला.

"बाबा, इथं एका आजीच्या अंगणात पानाचा येल हाये. उतरण करायची हाये. कशी करू?"

"तू करशील?"

"हो. इथं दुसरं कोणाले येत नाई."

चंद्रभान घसा खाकरून बोलू लागले. "हवा कशी हाये तिथली? ओल हाये ना? मग जमते. सकाळी करू नोको. सकाळी येल कडक रायते, तुटते. दुपारी कर, मलूल झाला की. आधी खालची पानं खुडजो. वेटोळं लय घट्ट नोको. माती चार बोटं. अन्‌ बांधाले केळीचं सोपट घेजो, सुतळीनं काचते." मग शेवटी म्हणाले, "हात हलका ठेवजो पोरी. घाई करू नोको."

पुढच्या शनिवारी दुपारी शेजारपाजारचे लोक बघायला जमले. पौर्णिमानं चपला बाहेर काढल्या, शिडी लावली, पहिला वेल सोडवायला घेतला. अर्ध्यावर आली आणि दांडा कट्‌कन मोडला. वरचा सहा हातांचा वेल तिच्या खांद्यावर येऊन पडला.

पौर्णिमा खाली उतरली. नोई पुढे व्हायला लागली, तसं पौर्णिमानं तिला थांबवलं आणि स्वतःच, आठवड्यात शिकलेल्या तिथल्या दोन शब्दांत, म्हातारीची माफी मागितली. उच्चार चुकलाच असणार. याय सोमनं मोडलेला वेल हातात घेतला, निरखला, कोयत्यानं त्याचे चार तुकडे केले आणि कुंपणाशी मातीत खोचले. मग दुसऱ्या वेलाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्याला पौर्णिमानं दोन तास लावले. एकेक पेर सुटं केलं, दांडा हातावर तोलत खाली आणला, वेटोळं घातलं, चार बोटं माती लोटली, शेंडा केळीच्या वाळक्या सोपटाच्या पट्टीनं बांधला. याय सोमनं तिच्या हातावर पाणी ओतलं आणि खायला गरम चिकट भात दिला.

त्याच आठवड्यात वर्गात आपल्या भागाच्या शेतीवर बोलायची तिची पाळी होती. तिनं संगणकावर विदर्भ शोधला, तर पानभर एकच गोष्ट आली: कापूस आणि आत्महत्या. फोटोत हार घातलेल्या तसबिरी होत्या, शेजारी बसलेल्या बायका होत्या. तिनं संगणक बंद केला आणि पानमळ्यावर बोलली. फळ्यावर वेल काढला, उतरण समजावली, वेल कसा मोडला तेही सांगितलं. शेवटी सरांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडच्या शेतकऱ्यांबद्दल मी वाचलंय. ते खरं आहे का?"

"खरं आहे," पौर्णिमा म्हणाली. "माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील तसेच गेले. ती आता आईबरोबर शेती करते, आणि चांगली करते. तुम्ही माझ्या भागाबद्दल वाचाल तेव्हा तिलाही धरा."

तयारी न केलेलं, कोणाला न विचारलेलं हे तिचं पहिलं उत्तर होतं. जागेवर बसल्यावर तिला वाटलं, अजून दहा मिनिटं मिळाली असती तर बरं झालं असतं.

उतरणीनंतर विसाव्या दिवशी नोई धावत खोलीत आली. "याय सोमनं बोलावलंय. आत्ता." दोघी नोईच्या स्कूटरवरून निघाल्या. उतरवलेल्या वेलाला बुडाशी तीन कोंब आले होते आणि शेंड्याला कोवळी, लकाकणारी पानं फुटली होती. कुंपणाशी खोचलेल्या चार तुकड्यांपैकी दोन हिरवे होते. अंगणात पाच बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या घरी असाच शेंड्याला गेलेला वेल होता.

नोईनं वही काढून नावं लिहून घेतली. पौर्णिमानं तिथूनच घरी फोन लावला.

"बाबा, फुटला. अन्‌ अजून पाच घरचे हायेत."

"पाच?" चंद्रभान म्हणाले. मागं जमुनाबाई काय झालं म्हणून विचारत होती. "थांब, तुह्या आईले सांगतो."

डिसेंबरात पौर्णिमा परत निघेपर्यंत गावात अकरा वेलांची उतरण झाली. त्यांतले दोन वेल मोडले, नऊ फुटले. शेवटच्या चार घरी तिनं वेलाला हात लावला नाही. ती शिडी धरून खाली उभी राहिली. वर याय सोम चढली होती, आणि पौर्णिमा खालून तिला वऱ्हाडीत, इंग्रजीत, तिथल्या बोलीत, जे तोंडात येईल त्यात सांगत होती, की हात हलका ठेव.